तेवीस रेघा

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली गोष्ट. संध्याकाळी सात वाजता जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात मी बी.एड.चं बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडलं, शेजारी एक पाठकोरा कागद ठेवला आणि हातात पेन्सिल घेतली. ठरवलं होतं एवढंच, की अर्धा तास बसायचं आणि मन पुस्तकातून उठून गेल्याचं लक्षात आलं की कागदावर एक रेघ ओढायची. मनावर चिडायचं नाही, फक्त रेघ. अर्ध्या तासाने मोजल्या तर तेवीस भरल्या. तेवढ्या वेळात दोन पानं उलटली होती आणि त्यांतलं एकही वाक्य मला सांगता येत नव्हतं.

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. घरी मराठी, बाहेर हिंदी, तशी आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. बी.एस्सी. झाल्यावर लग्न, मग लेक, मग एका खासगी शाळेत लहान वर्गांना शिकवणं. शाळेने पुढे सांगितलं की बी.एड. नसेल तर मोठे वर्ग मिळणार नाहीत. म्हणून वीस वर्षांनी पुन्हा वही-पेन घेऊन बसले. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा, माध्यम हिंदी.

हा कागद-पेन्सिलीचा उद्योग मी का मांडला, तेही सांगते. त्या आठवड्यात वर्गात मॅडमनी मला उभं करून विचारलं होतं, "अभी मैंने क्या कहा?" मी त्यांच्याकडेच बघत होते. फोन हातात नव्हता, शेजारणीशी बोलत नव्हते. तरी मला एक शब्द आठवेना. वर्गातली बाकीची मुलं-मुली बावीस-तेवीस वर्षांची. कुणी हसलं नाही, मॅडमही काही बोलल्या नाहीत, पण मला रडू आवरेना. लहानपणापासून घरात माझ्याबद्दल एकच बोललं जायचं: ही चंचल आहे, हिच्या पायाला भिंगरी आहे, हिचं चित्त कशात म्हणून लागत नाही. मी ते इतकी वर्षं खरं धरून चालले होते. त्या दिवशी घरी येताना वाटलं, चंचल आहे म्हणजे नेमकं काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघू तरी.

पुढचे पाच दिवस मी नुसत्या रेघा ओढल्या नाहीत, प्रत्येक रेघेशेजारी मन कुठे गेलं होतं त्याचं एक अक्षर लिहिलं. घरातल्या कामाला घ, फोनला फ, बाहेरच्या आवाजाला आ, आणि नुसतंच डोकं जड होऊन बंद पडल्यासारखं झालं की ड. शनिवारी सगळे कागद समोर मांडले. मी आजवर सगळा दोष आवाजांना देत होते. सकाळी गाणं वाजवत येणारी कचरागाडी, शेजारचा टीव्ही, एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी आणि त्यासाठी सुरू होणाऱ्या मोटारी. आ मात्र सगळ्यांत कमी निघाले. निम्म्याहून जास्त होते घ. फ मोजकेच, पण एकेका फ-ने पंधरा-पंधरा मिनिटं खाल्लेली. आणि ड दर वेळी बसल्यापासून साधारण दहा-बारा मिनिटांनी सुरू व्हायचे आणि मग थांबायचेच नाहीत.

त्या ड-ने मला पहिला धडा दिला. दहा मिनिटांनी डोकं का जड होतं? मी पुस्तक मांडीवर घेऊन वाचायचे, मग नकळत हात लांब करून वाचायचे, मग कपाळ चोळायचे. एकदा लेक म्हणाली, "आई, तू पुस्तक आजीसारखं लांब का धरतेस?" मी त्याच संध्याकाळी राजवाड्याजवळच्या चष्म्याच्या दुकानात गेले. त्यांनी बारीक अक्षरांचा तक्ता हातात दिला, डोळ्यांपुढे एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं, आणि दुसऱ्या भिंगाबरोबर ती मुंगीएवढी अक्षरं एकदम कागदावर येऊन बसली. चाळिशी लागली होती. चाळिशीच्या सुमारास डोळ्यांतल्या भिंगाची लवचिकता इतकी कमी होते, की जवळचं बघायला डोळ्यांना ताण द्यावा लागतो. ते सगळ्यांनाच होतं. मला दोन्ही डोळ्यांना अधिक सव्वा नंबर निघाला. म्हणजे वर्षभर तरी मी बारीक टाइपाची पुस्तकं डोळ्यांशी झटापट करत वाचत होते, आणि डोळे थकले की म्हणत होते माझं मन लागत नाही. चष्मा आल्यावर पहिल्या आठवड्यातच ड निम्म्यावर आले.

उरलेल्या निम्म्यासाठी डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.4. बायकांचं ते 12 च्या खाली असलं की त्याला रक्तक्षयच म्हणतात. शरीरात लोह कमी असलं की थकवा येतो, विचार मंदावतो, लक्ष टिकत नाही, हे डॉक्टर बोलत होते तसतसा माझ्या डोळ्यांपुढे तो रेघांचा कागद येत होता. त्यांनी गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट बजावून सांगितली: गोळीबरोबर चहा नको, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बरी. माझी गोळी सकाळच्या चहाबरोबरच जाणार होती, नाही सांगितलं असतं तर. मला हे सगळ्या बायांना ओरडून सांगावंसं वाटतं. अभ्यासात मन लागत नाही म्हणून स्वतःला बोल लावायच्या आधी डोळे आणि रक्त तपासून घ्या, मुलींचंही घ्या. माझ्या लेकीचं घेतलं, तिचंही कमीच निघालं. ती आठवीत होती आणि तिलाही शाळेतून "लक्ष देत नाही" असा शेरा आलेला होता.

आता घ. हे सगळ्यांत चिवट. पुस्तक उघडलं की आठवायचं: गॅसचं बुकिंग राहिलं, लेकीची फी भरायची, डाळ भिजत घातली का, ह्यांच्या शर्टाचं बटण. गंमत अशी, की ह्याचं उत्तर मला आमच्याच अभ्यासक्रमात सापडलं. 1927 साली ब्लूमा झायगार्निक ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमधल्या आपल्या प्रयोगांवरून मांडलं होतं, की पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मध्येच सोडलेली कामं माणसाच्या जास्त लक्षात राहतात. बाईच्या डोक्यात तर दिवसभर मध्येच सोडलेली चाळीस कामं असतात. मी टेबलावर एक छोटी वही ठेवली. काही आठवलं की उठायचं नाही, त्या वहीत लिहायचं, आणि नुसतं "गॅस" असं नाही तर "गॅस, उद्या सकाळी दहा वाजता, मोबाइलवरून" असं पुरतं लिहायचं. कधी आणि कसं हे लिहिलं की मन ते सोडून द्यायचं. अर्धवट लिहिलं तर नाही सोडायचं, मी दोन्ही करून पाहिलं. पहिल्या आठवड्यात ती वही भाजीच्या यादीसारखी भरत होती. महिन्याभराने एका बैठकीत दोन-तीन ओळी.

फोनचं मात्र वहीने भागणारं नव्हतं. आधी मी तो पालथा घालून टेबलावरच ठेवायचे. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली नोंदवलं होतं, की फोन बंद असला तरी तो समोर टेबलावर असलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांची बौद्धिक कामगिरी सरस होती. पुढच्या सगळ्या प्रयोगांत तसंच आढळलं असं नाही, पण माझ्या कागदाने तेच सांगितलं. मग फोन सासूबाईंकडे दिला. त्या संध्याकाळी देवघराच्या खोलीत माळ घेऊन बसायच्या. त्यांनी तो उशीखाली ठेवला आणि विचारलं, "कुणाचा आला तर?" म्हटलं, "घरातलं कुणी असेल तरच हाक मारा." त्यांनी हे काम इतक्या निष्ठेने केलं, की एकदा माझ्या सख्ख्या बहिणीलाही "ती अभ्यासाला बसलीय, आठनंतर कर" म्हणून सांगितलं.

एका संध्याकाळी मी रेघांचा कागद घेऊन त्यांच्यापाशी जाऊन बसले. खूप प्रयत्न करूनही चौदा रेघा आल्या होत्या आणि मी हिरमुसले होते. विचारलं, "आई, तुमचं जप करताना मन जात नाही का हो?" त्या म्हणाल्या, "जातं की. न जायला काय झालं? सगळ्या नातेवाइकांच्या घरी जाऊन येतं." म्हटलं, मग काय करता? त्यांनी माळ वर धरून दाखवली. अंगठा आणि मधल्या बोटात एक मणी धरलेला. "मन गेलं तर जाऊ दे, मणी सोडायचा नाही. परत आलं की ह्याच मण्यापासून पुढे. आधीचे फुकट गेले म्हणून माळ पहिल्यापासून नाही सुरू करायची."

मी नेमकं तेच करत होते. मन भरकटलं की चिडून परिच्छेद पहिल्यापासून, कधी अख्खा धडा पहिल्यापासून. त्या चिडण्यातच पुढची पाच मिनिटं जायची. त्या दिवसापासून वाचताना ज्या ओळीवर असेन तिच्याखाली पेन्सिलीचं टोक ठेवायला लागले. मन गेलं, आलं, रेघ ओढली, टोक जिथे आहे तिथून पुढे. रेघांची संख्या लगेच कमी झाली नाही. पण मनाची परतीची वाट लहान झाली: जायला लागलेलं मन आधी पाच मिनिटांनी सापडायचं, ते अर्ध्या मिनिटात सापडायला लागलं.

वेळ मोजायला सासऱ्यांच्या वेळचं चावीचं गजराचं घड्याळ माळ्यावरून काढलं. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत आता पुष्कळ जणांना ठाऊक आहे. इटलीतल्या फ्रान्चेस्को सिरिल्लो यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ती सुरू केली. मला पंचवीस झेपत नव्हती. मी बारा मिनिटांपासून सुरुवात केली, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवली. दिवाळीनंतर पंचवीसवर आले आणि आजही तीसच्या पुढे जात नाही. मधल्या पाच मिनिटांत फोन मागायचा नाही, हा नियम सगळ्यांत कठीण. गच्चीवर जायचं, वाळलेले कपडे काढायचे, पाणी प्यायचं.

ह्यात एक मोठी चूकही झाली. नवरात्रात आमच्या भागात रात्री उशिरापर्यंत गरबा. संध्याकाळ हातची गेली म्हणून मी पहाटे साडेचारला उठायला लागले. झोपायला बारा, उठायला साडेचार. नऊ दिवस रेटलं. त्या दिवसांतले कागद बघितले तर रेघा जवळजवळ नाहीतच, आणि मला आनंद झाला होता की वा, पहाटे किती छान लक्ष लागतं. मग लक्षात आलं, मन गेल्याचंच कळत नव्हतं, मग रेघ कोण ओढणार? वाचलेलं काहीच उरलं नव्हतं. दसऱ्यानंतर झोप सात तासांच्या खाली जाऊ द्यायची नाही असं ठरवलं आणि पाळलं. पहाट चांगली असते, पण रात्री दहाला झोपणाऱ्यासाठी.

वर्गातली लढाई वेगळी होती. घरी घड्याळ आपलं असतं, वर्गात नसतं. पहिला बदल साधा, खिडकीजवळची मागची जागा सोडून दुसऱ्या बाकावर बसले. दुसरा बदल डब्यात. दुपारच्या तासाला माझे डोळे मिटायचे. तसं जेवण नसलं तरी दुपारी शरीर थोडं सुस्तावतंच, त्यात मी चार पोळ्या, भात, वर कुणीतरी आणलेली कचोरी. दोन पोळ्या आणि उसळ-काकडीवर आले आणि जेवून दहा मिनिटं आवारात चालायला लागले.

पण खरा फरक पडला टिपणांनी. मी मॅडम बोलतील ते शब्दशः उतरवून घ्यायचे. हात चालायचा, डोकं बंद. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी एक पद्धत शिकवली होती: पानाच्या डाव्या बाजूला अरुंद पट्टा सोडायचा, उजवीकडे टिपणं, आणि नंतर त्या पट्ट्यात त्या टिपणांवरचे प्रश्न लिहायचे. मी त्यात माझी एक भर घातली. उजवीकडे मॅडमचं हिंदी, डावीकडे माझे प्रश्न मराठीत, आणि तेही वर्गातच. "मूर्त संक्रियात्मक अवस्था" (पियाजे ह्या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेला मुलांच्या विचारशक्तीचा एक टप्पा) ऐकून ते तसंच उतरवता येतं, पण "सात ते अकरा वर्षांच्या मुलाला काय जमतं जे पाच वर्षांच्याला जमत नाही?" असं मराठीत लिहायचं तर आधी ते समजावं लागतं. झोपेत भाषांतर होत नाही. आदल्या रात्री दहा मिनिटं उद्याचा धडा नुसता चाळून जायचे, म्हणजे वर्गात कान आपोआप त्या ओळखीच्या शब्दांशी थांबायचे.

घरी आल्यावर पुस्तक मिटून डावीकडचे प्रश्न वाचायचे आणि उत्तरं मोठ्याने सांगायची, पोळ्या लाटताना सासूबाईंना, नाहीतर लेकीला. रोडिगर आणि कार्पिक ह्या मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग मी नंतर वाचला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने बघितलं तर वाचून स्वतःला आठवायला लावणाऱ्यांना जास्त आठवत होतं. पियाजेंचा पाण्याचा प्रयोग तर मी घरीच केला. माझ्या दिरांचा मुलगा पाच वर्षांचा. ओट्यावर दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घातलं, त्याने वाकून बघून "सारखं" म्हटलं. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी उंच निमुळत्या ग्लासात ओतलं. तो ताबडतोब म्हणाला, "ह्यात जास्त!" परत पेल्यात ओतलं, "सारखं." परत ग्लासात, "जास्त." सासूबाई, लेक, मी, तिघी ओट्याभोवती उभ्या राहून ते बघत होतो. त्या अर्ध्या तासात मला एक रेघ ओढावी लागली नसती.

पहिल्या सत्रात पास झाले, दुसऱ्यात बरे गुण पडले. पुढे दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांचं शाळेतलं प्रशिक्षण आलं. मला एक सरकारी शाळा आणि सातवीचा वर्ग मिळाला. पहिल्याच दिवशी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाकडे बोट दाखवून मला सांगण्यात आलं, "इसका ध्यान नहीं रहता, इस पर मेहनत मत करना." हे वाक्य मी जन्मभर ऐकलं होतं.

दुसऱ्या बाई शिकवत असताना निरीक्षणासाठी मागे बसायचं असायचं. मी वहीत त्याच्या नावाने पान केलं आणि त्याची नजर फळ्यावरून गेली की एक रेघ ओढायला लागले, तासागणिक वेगळ्या ओळीत. मला वाटलं होतं डोळेच असतील. पण त्याला फळ्यावरचं सगळं वाचता येत होतं. चार दिवसांनी ओळी एकाखाली एक बघितल्या. पहिल्या तासाला रेघा कमी, दुसऱ्याला वाढलेल्या, तिसऱ्या-चौथ्याला ओळ भरून खाली उतरलेली, आणि मधल्या सुट्टीत शाळेचं जेवण झाल्यावर पाचव्या तासाला परत चार-पाचच. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, सकाळी काय खाऊन येतोस? तो आधी काही बोलेना. मग म्हणाला, आई पहाटेच कामावर जाते, तो बहिणीला तयार करून तिच्या शाळेत सोडतो आणि इकडे येतो. चहा मिळाला तर मिळाला.

दुसऱ्या दिवसापासून मी घरून पोह्यांचा मोठा डबा न्यायला लागले, वरून शेव घालून. शाळा भरायच्या आधी पंधरा मिनिटं, व्हरांड्यात, आम्ही दोघं बसून खायचो. चौथ्या दिवशी तो बहिणीलाही घेऊन आला.